आधी कुणाचे द्यायचे?

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. मिस्टर अकरा वर्षं एका पॅकेजिंग युनिटमध्ये कामाला होते, हातात ३४,००० यायचे. एप्रिलमध्ये युनिटला टाळं लागलं. आता ते मुलुंडच्या एका सोसायटीत एजन्सीमार्फत बारा तासांची वॉचमनची ड्यूटी करतात, १६,५०० मिळतात. ताई ब्लाउज आणि फॉल-पिको करून साडेसहा हजार मिळवतात. घरात पाच माणसं: दोघं नवरा-बायको, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि डायबेटिस असलेल्या सासूबाई. चाळीतल्या खोलीचं भाडं ९,०००. डोक्यावर बँकेचं पर्सनल लोन, क्रेडिट कार्डाचे ६८,००० आणि तीन लोन ॲपचे मिळून ३८,०००. त्यातलं तिसरं ॲप मिस्टरांनी घरात न सांगता घेतलं. शिवाय महिना दोन हजारांची भिशी. ताई विचारतात, "दिवसभर फोन वाजतो. आधी कुणाचे द्यायचे? मंगळसूत्र मोडू का? आणि डब्याचा धंदा सुरू करायला ओळखीचे एक जण तीस हजार देतायत, महिन्याला पाच टक्क्यांनी. घेऊ का?"

ताई, मी सव्वीस वर्षं परळच्या एका कामगार पतपेढीत कर्जाच्या टेबलावर बसले. समोर येणारा माणूस किती रुपये मागतो यापेक्षा तो कुणाचे फेडायला मागतोय, हे मी आधी विचारायची. तुमचं पत्र वाचताना मी कागद घेऊन बसले. तो हिशेब आधी सांगते.

महिन्याला घरात येणार २३,०००. भाडं ९,०००. किराणा, दूध, भाजी ६,५००, त्याबद्दल पुढे बोलते. गॅस ९००, लाइट ९००, सासूबाईंची औषधं ६०० (आज तुम्ही १,८०० देताय, तेही पुढे सांगते), पास आणि येणं-जाणं ७००, शाळा १,२००, फोन ५००. बेरीज २०,३००. उरतात २,७००. आता मागणी बघा. बँकेचा हप्ता ६,२००, कार्डाचं "मिनिमम ड्यू" ३,४००, तीन ॲपचे मिळून साधारण ९,०००, भिशी २,०००. म्हणजे २०,६००. हातात सत्तावीसशे आणि मागणी वीस हजार सहाशेची. काटकसर कितीही केली तरी हे भरणार नाही. तुम्ही घर नीट चालवत नाही म्हणून हे झालेलं नाही, हे आधी मनातून काढून टाका. एक पगार अर्ध्याहून खाली आला, बस्स.

अशा वेळी बहुतेक घरांत एकच चूक होते. जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे जातात. ॲपवाला दिवसाला वीस फोन करतो, त्याला मिळतात. घरमालक सज्जन आहे, गप्प बसतो, त्याचं भाडं थकतं. सासूबाई काही बोलत नाहीत, त्यांची गोळी एक दिवसाआड होते. दोन महिन्यांनी मग घरही जायची वेळ येते आणि म्हातारं माणूसही आजारी पडतं. ओरडणारा मात्र तिथेच असतो. म्हणून क्रम आपण ठरवायचा. खोली, अन्न, औषध, लाइट-गॅस, कामावर जायचा पास, मुलांची शाळा. हे झाल्याशिवाय कुठल्याही कर्जाचा रुपया सुटता कामा नये. त्यानंतर कर्जं, आणि त्यातही जे सगळ्यात महाग आहे ते आधी.

हे मी पतपेढीत शिकले नाही, आईकडून शिकले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. वडील लालबागच्या गिरणीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले होते, त्यातलं एक घर आमचं. पहिल्या पगाराची तारीख चुकायच्या आधीच आई आमच्या वाण्याकडे गेली. मला बरोबर नेलं होतं. म्हणाली, "शेट, पुढचे महिने मला पूर्ण देता येणार नाहीत. दर आठवड्याला इतके इतके देईन. वही बंद करू नका." वाण्याने वही बंद केली नाही. आमच्याच मजल्यावर दुसरं एक कुटुंब होतं, ते त्याच वाण्याला टाळून मागच्या गल्लीने जायचं. त्यांची उधारी महिन्याभरात थांबली. रक्कम दोघांची सारखीच असेल. फरक एवढाच की आई आधी गेली आणि जमेल तेवढाच आकडा बोलली. तुम्हालाही तेच करायचं आहे, वाण्याकडेही आणि बँकेकडेही.

आता तुमच्या पत्रातली सर्वात महत्त्वाची ओळ. तुम्ही ती सहज लिहून गेलात: "अकरा वर्षं नोकरी केली आणि हातात काही आलं नाही." ग्रॅच्युइटीचं काय झालं? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाच वर्षं पूर्ण केली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. युनिट बंद पडलं म्हणून तो हक्क बुडत नाही. हिशेब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ पगार १४,००० धरला तर ८८,८४६ रुपये होतात. ही रक्कम मालकाने तीस दिवसांत द्यायची असते आणि उशीर झाला तर व्याजासकट. तुमची मुदत उलटून गेली आहे, पण तेवढ्यावरून हक्क जात नाही. आधी मालकाकडे लेखी अर्ज, रजिस्टर पोस्टाने, पोच जपून. उत्तर आलं नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, उशिराचं कारण लिहून अर्ज. युनिट बंद करताना द्यायची नुकसानभरपाई वेगळी असते, तीही त्याच खेपेत विचारून घ्या. मिस्टरांबरोबर जे दहा-वीस जण घरी बसले ते सगळे एकत्र गेले तर फार फरक पडतो. एकट्या माणसाला "उद्या या" ऐकावं लागतं.

पीएफ तपासा, पण तो कर्जात ओतू नका. त्यांची नोकरी दहा वर्षांच्या वर झाली असल्यामुळे पेन्शनचा हक्क लागला आहे, ती ५८ व्या वर्षापासून मिळेल. नव्या एजन्सीला जुनाच यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, द्यायला सांगा.

ग्रॅच्युइटी यायला काही महिने लागतील, आणि तोवर कार्ड तुम्हाला खात राहील. कार्डाचं गणित बायकांना कुणी समजावून सांगत नाही म्हणून इथे सावकाश सांगते. ६८,००० वर महिना साडेतीन टक्के म्हणजे २,३८० व्याज. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४२८. झाले २,८०८. तुम्ही पोटाला चिमटा काढून ३,४०० "मिनिमम" भरता, त्यातले फक्त ५९२ रुपये मुद्दलात जातात. बिलावर "मिनिमम" वाचून वाटतं की थोडं तरी फिटतंय. फिटत नाही.

म्हणून सोन्याबद्दल माझं मत असं. मंगळसूत्राला हात लावू नका आणि मोडायचं तर काहीच नाही. तुमच्या दोन पाटल्या आहेत, त्या सरकारी बँकेत तारण ठेवा. सोनेतारण कर्ज तिथे साधारण नऊ-दहा टक्क्यांनी मिळतं. दहा धरले तरी ६८,००० वर महिन्याचं व्याज होतं ५६७ रुपये. आज तुम्ही २,८०८ देताय. त्या पैशांनी कार्ड एकरकमी बंद करा, बंद झाल्याचं पत्र घ्या आणि कार्ड कात्रीने कापा. एरवी मी घरच्या सोन्यावर कर्ज काढायला सांगत नाही, कारण पाटल्या सोडवायच्या कशातून हे कुणालाच ठाऊक नसतं आणि शेवटी त्या लिलावात जातात. तुमच्या बाबतीत सोडवायचा पैसा दिसतोय, तो म्हणजे ग्रॅच्युइटी. ती आली की पहिल्यांदा पाटल्या घरी. मधल्या काळात दर महिन्याचं व्याज भरत राहा, साठू देऊ नका. गल्लीतल्या पेढीवर मात्र जाऊ नका, वजनात आणि व्याजात दोन्हीकडे जातं.

आता ॲप. भीती सगळ्यात जास्त त्यांची आहे म्हणून स्पष्ट लिहिते. कर्ज थकणं हा काही फौजदारी गुन्हा नाही. "पोलीस पाठवतो" हे फोनवरचं बोलणं घाबरवण्यासाठी असतं. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना फोन करणं, फोटो पसरवायची धमकी देणं, हे तर अजिबात चालत नाही. तिन्ही ॲपच्या मागे नोंदणी असलेली वित्तसंस्था कोणती आहे ते बघा. ते कर्जाच्या कागदात लिहिलेलं असायला हवं. कागदच नसेल, नाव सापडत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवर तक्रार करा. धमकी आली तर सायबर हेल्पलाइन १९३०. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची काँटॅक्ट आणि फोटोंची परवानगी आजच काढा, आणि आलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट पुसू नका, मुलीला सांगून एका फोल्डरमध्ये ठेवा. जी संस्था खरी आहे तिचं मुद्दल द्यायचं आहेच, पण आपल्या गतीने. आधी सगळ्यात लहान कर्ज संपवा, म्हणजे फोन करणारे तिनाचे दोन होतील. आणि एक गोष्ट शपथेवर पाळा: एका ॲपचे फेडायला दुसरं ॲप नाही. तुमच्याकडे तीन झाली ती अशीच झाली असणार.

बँकेचं पर्सनल लोन. तुम्ही लिहिलंय की सव्वीस हप्ते राहिलेत. बाकी साधारण १,३८,००० असेल. शाखेत जाऊन मॅनेजरला लेखी अर्ज द्या: नोकरी गेल्याचं पत्र, नव्या पगाराची चिठ्ठी आणि मी वर मांडला तसा घरखर्चाचा कागद जोडून. मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवून मागा. चौदा टक्के व्याज धरलं तर हप्ता ३,२०० च्या आसपास येतो. एकूण व्याज जास्त जाईल, हे मला कळतं, पण आज प्रश्न घर उभं राहण्याचा आहे. सलग ९० दिवस हप्ता थकला की खातं बुडीत धरलं जातं, आणि मग मॅनेजरच्या हातात फारसं काही राहत नाही. म्हणून आत्ताच जा. खात्यात पैसे नसताना ऑटो-डेबिट परत गेलं तर प्रत्येक वेळी दंड बसतो आणि कायदेशीर नोटीसही येऊ शकते, तेव्हा तारखेआधी कळवलेलं बरं. घरखर्चाचे पैसे मात्र त्या बँकेच्या खात्यात ठेवू नका. पगार दुसऱ्या बँकेत घ्या, नाहीतर पगार झाला त्याच दिवशी हप्ता वळता होईल आणि भाड्याला काही उरणार नाही.

पाटल्यांचं व्याज देऊन तुमच्याकडे २,१३३ उरतात आणि हप्ता ३,२०० चा. अजून हजार-अकराशे कमी आहेत, आणि भिशी वेगळीच. भिशी बंद करू नका. दहा जणींची आहे, तुमचे सहा हप्ते गेलेत, अजून लागलेली नाही. भिशी चालवणाऱ्या बाईंना खरी परिस्थिती सांगून पुढचा नंबर मागा. बायका अशा वेळी नाही म्हणत नाहीत, मी फार क्वचित पाहिलंय. २०,००० येतील, त्यातले उरलेल्या चार हप्त्यांचे ८,००० लगेच बाजूला काढायचे. राहिलेल्या १२,००० मधून बँकेच्या हप्त्यातली तूट आणि लहान ॲप भागेल. हे काही महिन्यांचं ठिगळ आहे, पण ग्रॅच्युइटी येईपर्यंत पुरेल इतकं आहे.

औषधांकडे येते, कारण इथे तुमचे पैसे विनाकारण जातायत. मिस्टरांचा पगार २१,००० च्या आत आहे, म्हणजे एजन्सीने त्यांची ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, भरायला हवी. पगाराच्या चिठ्ठीत ०.७५ टक्के कपात दिसते का बघा आणि विमा नंबर मागून घ्या. त्या नंबरावर त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईलाही उपचार आणि औषधं मिळतात. मुलुंडला याच विम्याचं, ईएसआयएसचं रुग्णालय आहे, तुम्हाला जवळच पडेल. ते मार्गी लागेपर्यंत पालिकेच्या "आपला दवाखाना"मध्ये तपासून घ्या, आणि बाहेरून घ्यायच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा. मोठं आजारपण आलंच तर केशरी रेशन कार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. धर्मादाय रुग्णालयांत वर्षाला ३,६०,००० च्या आत उत्पन्न असलेल्यांना निम्म्या बिलाची सवलत असते. तुमचं आत्ताचं उत्पन्न २,७६,००० होतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आजारपणाची वाट न बघता काढून ठेवा. रेशनवर फुकट धान्याची आशा धरू नका. शहरात त्यासाठी वर्षाला ५९,००० ची मर्यादा आहे, त्यात तुम्ही बसत नाही. शिधावाटप कार्यालयाच्या खेपांत शिलाईचे दिवस घालवू नका.

किराण्याला तुम्ही साडेनऊ हजार लिहिलेत, मी साडेसहा धरले. हे होतं, मी पाच माणसांच्या घरात केलंय. महिन्याचं वाणसामान एकदाच, यादी करून, सुट्टं वजनावर. पाच-दहा रुपयांच्या पुड्या, मग त्या चहाच्या असोत, शाम्पूच्या की मसाल्याच्या, स्वस्त वाटतात आणि किलोमागे सगळ्यात महाग पडतात. तूरडाळ रोज नको. मटकी, चवळी, मसूर, कुळीथ आलटून पालटून. रात्री कुळथाचं पिठलं आणि भात, सोबत एखादा सुका बोंबील भाजून, हे पोटभरीचं जेवण आहे आणि मुलं आवडीने खातात. पावसाळ्यात ओली मासळी महाग असते, तेव्हा सुकट-जवळा काढा. भाजी स्टेशनबाहेर रात्री साडेआठनंतर घ्या, भाजीवाल्यांना माल संपवून गाडी पकडायची असते. मुलांचं दूध आणि अंडी मात्र कापू नका. अनेक घरांत पहिली कात्री तिथेच लागते आणि आई स्वतःचं जेवण कमी करते. ते तर मुळीच नको. शिलाई मशीनवर सहा तास बसणाऱ्या बाईने उपाशी राहून चालत नाही.

स्वस्त खोलीसाठी बदलापूर किंवा नालासोपाऱ्याला जायचा विचार तुम्ही लिहिलाय. आत्ता नको. एजंटचं एक भाडं, टेम्पो, नवं डिपॉझिट, मुलीची नववी मधेच सोडायची, आणि बारा तासांच्या ड्यूटीवर मिस्टरांचा रोज तीन तासांचा प्रवास. वाचतील त्याहून जास्त जातील. पास मात्र तीन महिन्यांचा काढा, मासिकाच्या २.७ पट पडतो.

डब्याचा धंदा करा. कर्ज घेऊन करू नका. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्या गृहस्थांना साधं "नको" सांगा. गिरणगावात घराघरांत खाणावळी चालायच्या, त्या बायका सावकाराच्याच व्याजात अडकलेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आईने संपात चार माणसांचं जेवण करायला घेतलं तेव्हा नवीन भांडं एकही आणलं नव्हतं. तुम्हीही मिस्टरांच्याच सोसायटीत विचारा. तिथे एकटे राहणारे आजी-आजोबा असतात, त्यांना दोन पोळ्या, भाजी, वरण-भात हवा असतो. चार डब्यांनी सुरुवात करा, आठवड्याचे पैसे आगाऊ घ्या. दहा डब्यांच्या पुढे गेलं की मग मोठ्या पातेल्याचा विचार.

मिस्टरांबद्दल एक लिहू का? तिसरं ॲप त्यांनी लपवलं याचा तुम्हाला राग आहे, आणि तो रास्त आहे. पण पगार गेलेला माणूस बायकोला आकडा सांगायला किती घाबरतो, ते मी टेबलाच्या पलीकडून वर्षानुवर्षं पाहिलंय. मोठमोठी माणसं माझ्यासमोर रडली आहेत. एका रात्री मुलं झोपल्यावर दोघांनी बसून सगळी कर्जं एका कागदावर लिहा. त्या रात्री "का घेतलंस" हा प्रश्न विचारू नका, फक्त "किती" विचारा. ते गप्प गप्प राहतात, झोपत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. १४४१६ ही मनाच्या आरोग्यासाठीची टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यांना नंबर देऊन सोडू नका, पहिल्या वेळी तुम्ही शेजारी बसून लावा. मुलीलाही सांगा. नववीतल्या पोरीला घरात काय चाललंय ते कळतंच, फक्त आकडा माहीत नसतो म्हणून ती जास्त घाबरते. तिचा क्लास चालू ठेवा, मुलाचा बंद करून तुम्ही किंवा तीच त्याला शिकवा.

गणपतीला गावी या वर्षी एकट्या मिस्टरांनी जावं, तेही सुट्टी मिळाली तर. भावकीला आधीच फोन करून वर्गणी निम्मी देऊ म्हणून सांगा.

सोमवारी सुरुवात कुठून करायची ते सांगते. मिस्टरांचं नेमणूकपत्र, शेवटच्या तीन पगाराच्या चिठ्ठ्या आणि यूएएन नंबर एका पिशवीत काढा. नेमणूकपत्र सापडत नसेल तर बँकेच्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदी चालतील, त्याच्या झेरॉक्स काढा. मालकाला ग्रॅच्युइटीचा अर्ज त्याच दिवशी पोस्टात पडू दे, बँकेचा अर्ज मंगळवारी. आणि रविवारीच, भाड्याची तारीख यायच्या आधी, घरमालकांकडे जाऊन या.